झाडाखाली अंथरलेली चादर आणि वटवाघळांतले विषाणू

वडा-चिंचेवर शेकड्यांनी लटकणाऱ्या मोठ्या फळवटवाघळात, म्हणजे टेरोपस मेडियसमध्ये, विषाणू आहे का हे पाहायला दर वेळी त्याला पकडावे लागत नाही. रात्रभर उंबर, पेरू, मोहफुले खाऊन ती पहाटे झाडावर परततात आणि विसावताना लघवी करतात. माणसासाठी प्राणघातक ठरू शकणारा निपाह विषाणू त्या लघवीतून बाहेर पडू शकतो. त्यामुळे निगराणीचे निम्मे काम झाडाखाली प्लास्टिकची चादर अंथरून होते, आणि ती कशी अंथरली यावरच पुढचे सगळे आकडे उभे राहतात किंवा कोसळतात.

पूर्वी मोठी ताडपत्री पसरायचे. तिच्यावर बऱ्याच वटवाघळांची लघवी एकमेकांत मिसळते. त्यातले एकच बाधित असले तरी अख्खा नमुना पॉझिटिव्ह येतो आणि लागण आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ऑस्ट्रेलियात हेंड्रा या निपाहच्या जातकुळीतल्या विषाणूवर काम करणाऱ्यांनी हा घोळ उलगडून दाखवला. म्हणून आता साधारण एक मीटर लांबी-रुंदीचे बरेच तुकडे, एकमेकांपासून दोन-तीन मीटर अंतर राखून अंथरणे चांगले. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो. एक तुकडा थव्यापासून दूर, मोकळ्या जागी ठेवतात. त्याच्यावर टाकलेले निर्जंतुक पाणी बाकी नमुन्यांसारखेच गोळा करून तपासतात. त्यात विषाणू सापडला, तर दोष हाताळणीत आहे.

चादरी सूर्योदयाच्या दीड-दोन तास आधी लागलेल्या हव्यात. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढताच थेंब वाळतात आणि ऊन-उष्णतेने विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, तुटतो, म्हणून उजाडता उजाडता काम उरकावे लागते. पावसाळ्यात पाण्याने पातळ झालेला नमुना सरळ टाकून द्यावा. त्यातून आलेला निगेटिव्ह निकाल दिशाभूल करतो. हिवाळ्यात दवाचेही तेच, चादर फार लवकर अंथरली तर थेंब लघवीचा की दवाचा हे कळत नाही.

थेंब पिपेटने किंवा नव्या सिरिंजने उचलतात, प्रत्येक चादरीसाठी वेगळ्या. विष्ठा आणि चघळून थुंकलेला फळाचा चोथा टाळायचा, कारण त्यातले घटक पीसीआरची, म्हणजे आरएनए शोधणाऱ्या चाचणीची, क्रिया अडवतात. अर्धा ते एक मिलिलिटर मिळाले तरी पुरते. त्याचा एक भाग लायसिस बफरमध्ये जातो. हे द्रावण विषाणू निष्क्रिय करते आणि आरएनए टिकवते. दुसरा भाग विषाणू वाहतूक माध्यमात, पण जिवंत विषाणू वाढवायचा असेल तरच. निपाह वाढवायला सर्वोच्च दर्जाची, म्हणजे बीएसएल-४ प्रयोगशाळा लागते. तशी सोय पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत आहे.

नमुने गोठवून न्यायला द्रव नायट्रोजनचा ड्राय शिपर उत्तम. त्यात नायट्रोजन शोषून धरलेला असतो, भांडे कलंडले तरी सांडत नाही. पशुवैद्यकाकडे कृत्रिम रेतनाचे नायट्रोजन कंटेनर सहज दिसतात, म्हणून त्यातच कुपी ठेवण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नये. एखादी कुपी फुटली की आतली सगळी रेतमात्रा दूषित.

रक्तातली प्रतिपिंडे तपासायची असतील तर मात्र वटवाघूळ पकडावे लागते. उंच बांबूंवर कप्पीने ओढलेले बारीक जाळे, आणि ते कधीही एकटे सोडायचे नाही. अडकलेला प्राणी लगेच काढला नाही तर पंखाचा पडदा फाटतो. हातात चामडी हातमोजे आणि आत नायट्राइल, तोंडावर एन-९५, आणि पथकातल्या प्रत्येकाचे रेबीजचे पूर्वप्रतिबंधक डोस झालेले. मास्क वटवाघळांच्या रक्षणासाठीही आहे, माणसाचा कोरोना वटवाघळांत नेऊन सोडणे कुणालाच परवडणारे नाही. रक्त शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आतच घ्यायचे. पिल्लू पोटाशी असलेल्या मादीला धरायचे नाही. परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लागते, आणि त्यांचे कार्यालय नागपुरातच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळवटवाघळे अनेक वर्षे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली, हे फार बरे झाले.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या आकडे वाचताना. प्रतिपिंडे सापडली याचा अर्थ त्या प्राण्याला कधीतरी लागण होऊन गेली. आरएनए सापडला तर विषाणू आत्ता बाहेर पडतोय. पहिली गोष्ट बऱ्याच वटवाघळांत दिसते, दुसरी क्वचित. शंभरातल्या एकाच नमुन्यात विषाणू असेल, तर तो किमान एकदा सापडेल याची ९५ टक्के खात्री व्हायला सुमारे ३०० नमुने लागतात. हिशेब सोपा आहे: एकही नमुना पॉझिटिव्ह नसेल तर तीनला नमुन्यांच्या संख्येने भागा, लागण फार तर तेवढी असू शकते. ४० नमुन्यांत काहीच मिळाले नाही, तर लागण साडेसात टक्क्यांपर्यंत असण्याला वाव उरतोच. दर महिन्याला २५ घेऊन वर्षाचे ३०० भरले तरी प्रश्न सुटत नाही. विषाणू वर्षभर सारखा बाहेर पडत नाही, त्याच्या लाटा येतात. लाट एकाच महिन्याची असेल तर त्या महिन्याचे २५ नमुनेच कामाचे, आणि त्यांतल्या शून्याचा अर्थ ‘१२ टक्क्यांपेक्षा कमी’ एवढाच. म्हणून दर महिन्याला थोडे घ्यावेत, पण पिल्लांच्या आणि अन्नटंचाईच्या काळात संख्या कितीतरी पटीने वाढवावी. खर्च वाचवायला पाच नमुने एकत्र केले की पीसीआरचे सीटी मूल्य (विषाणू दिसेपर्यंत चाचणीला लागणारी आवर्तने; विषाणू कमी तितकी ती जास्त) सुमारे २.३ ने वाढते, आणि आधीच क्षीण असलेला नमुना हातचा जातो.

निकाल पॉझिटिव्ह आला तर? २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्या. त्या भागात माणसांमध्ये साथ आली नाही. झाडे तोडणे, थवे हुसकावणे हा उपाय नाही. युगांडातल्या किटाका खाणीत मारबर्ग या घातक विषाणूच्या भीतीने २००८ मध्ये वटवाघळे संपवली. २०१२ पर्यंत तिथे नवी येऊन वसली आणि त्यांच्यात लागणीचे प्रमाण १३.३ टक्के निघाले. संपवण्यापूर्वी त्याच खाणीत ते ५.१ टक्के होते.

ज्यांच्या अंगणात किंवा गोठ्याजवळ असे झाड आहे, त्यांनी एवढे पाळावे: पाण्याच्या टाक्या आणि गुरांची गव्हाण झाडाच्या सावलीबाहेर आणि झाकलेली, अर्धवट खाल्लेली फळे ना माणसांना ना जनावरांना, आणि खाली पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने न उचलता वन विभागाला फोन. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा.