न्यूपोर्टची ती रेकॉर्ड पूर्ण ‘लाइव्ह’ नव्हती

अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या बिग बँडची, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाची, ‘एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट’ ही रेकॉर्ड म्हणजे अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातली ७ जुलै १९५६ च्या रात्रीची मैफल जशीच्या तशी, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. नवी रचना मंचावर मनासारखी बसली नव्हती, म्हणून बराचसा भाग लगेच न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला आणि वर टाळ्या जोडल्या.

बँडमधल्या पॉल गोन्साल्विसने सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली, ती मात्र त्याच रात्रीची. लोक जागा सोडून नाचायला लागले होते. पण तो उभा होता व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकसमोर. रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबियाचा माइक बाजूलाच राहिला. म्हणून रेकॉर्डवर तो इतका दबका, लांबून आल्यासारखा वाटतो. मला याची फार हळहळ वाटते.

पुढे रेडिओची टेप सापडली. दोन्ही ध्वनिमुद्रणं जुळवून १९९९ मध्ये दोन सीडींचा संच निघाला. त्यात गोन्साल्विस अगदी समोर ऐकू येतो. ती रात्र ऐकायची असेल, तर हाच संच ऐका.