फॉन्ट फाइलच्या पोटात घालून पाठवा

ऑगस्ट उजाडला की आमच्या प्रेसमध्ये अहवालांची रीघ लागते. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे सगळ्यांनाच छापील अहवाल गणपतीच्या आसपास हवा असतो. त्या गडबडीत हमखास फोन येतो: "तुमच्याकडे अक्षरं फुटलीच कशी? माझ्याकडे तर बरोबर दिसतंय!"

तुमच्याकडे बरोबर दिसणारच, फॉन्ट तुमच्याच संगणकात आहे. वर्डच्या फाइलमध्ये एरवी अक्षरांचे आकार नसतात, 'इथे अमुक फॉन्ट लाव' एवढी चिठ्ठी असते. ती वाचून तुमचा संगणक स्वतःजवळचा फॉन्ट काढतो. आमच्याकडे तो नसला तर आमचा संगणक कुणालाही न विचारता हाताला लागेल तो फॉन्ट बसवतो.

फॉन्ट कृतिदेवसारखा जुना असेल तर चूक लगेच पकडता येते. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी उघडी पडते आणि 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच अक्षरं दिसतात. दार उघडताच कळतं की घर लुटलंय.

युनिकोड फॉन्टचं, म्हणजे ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची ठरलेली जागा असते त्या नव्या फॉन्टचं, दुखणं मात्र लपून बसतं. मुक्ता या फॉन्टमध्ये लावलेलं पान मंगल या फॉन्टमध्ये उघडलं तरी सरळ वाचता येतं, म्हणून कुणालाच शंका येत नाही. पण अक्षरांची रुंदी बदललेली असते. ओळी ढकलल्या जातात, ताळेबंदातले लांब आकडे रकान्यात मावेनासे होतात. मराठी वळणाच्या ल आणि श यांच्या जागी हिंदी वळणाचे येऊन बसतात. शासनाने २००९ साली मराठीसाठी कोणते आकार वापरायचे ते ठरवून दिलं असलं तरी संगणकाला त्याचं काय! मागे एका पतसंस्थेचा ४८ पानांचा अहवाल आमच्याकडे उघडला तो ५० पानांचा होऊन. ४८ पानं म्हणजे सोळा पानी तीन फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं म्हणजे एक फॉर्म), चोख काम. वरच्या दोन पानांसाठी वेगळ्या प्लेटा, वेगळा कागद, वेगळा खर्च. प्रूफ पाहताना अनुक्रमणिका जुळेना म्हणून लक्षात आलं, नाहीतर ते तसंच छापून गेलं असतं.

यावर उपाय एकच: फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करायचा, म्हणजे तिच्या पोटात घालायचा. छपाईसाठी वर्डची फाइल न पाठवता पीडीएफ पाठवा. वर्डमध्ये 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ निवडा आणि खालच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'पीडीएफ/ए'वर खूण करा. ही दस्तऐवज जपून ठेवण्यासाठी २००५ साली ठरलेली आंतरराष्ट्रीय पद्धत. तिच्यात वापरलेला प्रत्येक फॉन्ट आत असावाच लागतो. मग ती पीडीएफ संगणकावरच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून 'फाइल' (नव्या आवृत्तीत 'मेनू'), 'प्रॉपर्टीज', 'फॉन्ट्स' असं जा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' लिहिलेलं हवं. एखाद्या नावापुढे ते नसेल तर तो फॉन्ट बाहेरच राहिलाय. हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि आमचा अर्धा दिवस वाचतो. नुसती मोबाइलवर उघडून पाहिलीत तरी कृतिदेवचा घोटाळा कळेल, युनिकोडचा कळेलच असं नाही.

मजकूर आमच्याकडून दुरुस्त करून घ्यायचा असेल तर सोबत वर्डची फाइलही द्या. तिथे 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' या क्रमाने गेलात की तळाला 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' सापडेल. त्याच्याखाली 'फक्त वापरलेली अक्षरं' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. त्यावर खूण करू नका.

का, ते लग्नपत्रिकेवरून सांगतो. नवरा-नवरीच्या नावांना एखादा वळणदार फॉन्ट असतो आणि तो पत्रिकेत दुसरीकडे कुठेच नसतो. पीडीएफमध्ये त्या फॉन्टची तेवढीच अक्षरं येतात, 'सबसेट' म्हणतात ते हेच. ती खूण केलीत तर वर्डच्या फाइलमध्येही असंच होतं. मग रात्री निरोप येतो, "काले नाही, काळे करा, एकच तर अक्षर आहे." पण त्या फॉन्टातला 'ळ' फाइलमध्ये आलेलाच नसतो, आम्ही तो आणायचा कुठून? कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांच्या नुसत्या रेषा करून, पाठवणाऱ्यांचंही तेच. फॉन्टची कटकट मिटते, पण अक्षरांचं चित्र झालेलं असतं. म्हणून कर्व्ह करण्याआधीची मूळ फाइल जपून ठेवा.

"तुमच्याकडे तर ढीगभर फॉन्ट असतील!" असंही बरेच जण म्हणतात. आहेत, विकत घेतलेले. पण एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत जोडाक्षरं वेगळ्या जागी असू शकतात, त्यामुळे नाव जुळलं म्हणून अक्षर जुळेल असं नाही. काही जण फॉन्टच व्हॉट्सॲपवर पाठवून देतात. विकतच्या फॉन्टची प्रत अशी दुसऱ्याला द्यायला परवानगी बहुधा नसते, म्हणून आम्ही ती घेत नाही. याचा काहींना राग येतो, येऊ दे. काही फॉन्ट तर एम्बेड करायलाही मनाई असते. अशा वेळी वर्ड त्या मजकुराचं चित्र करून टाकू शकतं आणि छपाईत कडा करवतीसारख्या येतात. त्यापेक्षा मुक्ता, बलू, नोटो यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट घ्या, त्यांना हा त्रास नाही.

जुन्या फॉन्टातला मजकूर आम्ही युनिकोडमध्ये करून देतो. त्याचे पानामागे पैसे घेतो, कारण यंत्राने बदललेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावीच लागतात. एकदा केलं की पुढच्या वर्षी तोच अहवाल आकडे बदलून वापरता येतो आणि ती फाइल आम्ही तुम्हालाही देतो.

छापील प्रूफवर सही झाल्याशिवाय प्लेट करत नाही, कितीही घाई असली तरी. व्हॉट्सॲपवर फाइल 'फोटो' म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सकाळी अकराच्या आत आली तर फॉन्ट तपासून त्याच दिवशी कळवतो, तपासणीचे पैसे नाहीत. पेनड्राइव्ह घेऊन आलात तर तुमचा चहा संपेपर्यंत सांगतो.