पार्श्वभूमी : रेझिनच्या बाहुल्या, मुंबईच्या कॉन आणि ‘फर्स्ट कॉपी’चा घोळ

बाहुली घेऊन मेळ्याला जायचं, हे रेझिनच्या बाहुल्या जमवण्याच्या छंदाला मागाहून चिकटलेलं नाही. १९९९ मध्ये जपानमधल्या मॉडेल-किट बनवणाऱ्या एका कंपनीनं सुमारे ५७ सेंटिमीटर उंचीची, पॉलियुरेथेन रेझिनमध्ये ओतलेली आणि आतून इलॅस्टिकनं ओवलेली बाहुली बाजारात आणली. मोजक्या संख्येनं निघणाऱ्या बाहुल्या ही कंपनी आपल्याच मेळ्यांत सोडतीनं विकत असे. म्हाडाच्या घरांची असते तशीच सोडत. त्याच सभागृहात चाहते टेबलं मांडून घरी शिवलेले कपडे, विग आणि बूट विकायचे. माप बघायला बाहुली सोबत हवीच, म्हणून ती कडेवर आली आणि तिथेच राहिली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३० च्या दशकात बर्लिनमधल्या एका चित्रकारानं तिथल्या संग्रहालयातल्या सोळाव्या शतकातल्या सांधेदार लाकडी आकृत्या पाहून गोल सांध्यांची बाहुली केली. तिचे फोटो १९६५ मध्ये एका जपानी मासिकात आले आणि जपानमध्ये अशा बाहुल्या घडवणाऱ्या कलावंतांची एक परंपरा सुरू झाली. आपल्याकडे लाकडी ठकी होती आणि कुडाळजवळच्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आजही आहेत. कळसूत्रीची दोरी बाहेरून ओढतात. इथे ती पोटातून जाते आणि कायम ताणलेली असते. बाकी साम्य ओढूनताणून दाखवण्यात अर्थ नाही.

२००२-०३ नंतर कोरियन आणि पुढे चिनी कंपन्या उतरल्या. उंचीचे तीन गट रूढ झाले : साधारण ६० सेंटिमीटर, ४३ सेंटिमीटर आणि २६ सेंटिमीटर. मुंबईच्या कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळ्यात, दिसतात त्या बहुतेक मधल्या गटातल्या, आणि त्याचं कारण हौसेपेक्षा प्रवासात आहे.

मुंबईपुरती गोष्ट खऱ्या अर्थानं २०११ पासून सुरू होते. त्या फेब्रुवारीत दिल्लीत कॉमिक्सचा मोठा मेळा भरला, त्याच वर्षी तो मुंबईत कफ परेडला आला, मग गोरेगावच्या प्रदर्शन संकुलात आणि अलीकडे बीकेसीत. फक्त बाहुल्यांची अशी कॉन मुंबईत नाही. अमेरिकेत ऑस्टिनला, फ्रान्समध्ये ल्योंला आहेत तसे मेळे इथे नसल्यानं बाहुल्या आल्या त्या कॉस्प्ले करणाऱ्यांच्या, म्हणजे आवडत्या पात्रांचे वेष करून येणाऱ्यांच्या हातात. त्यामुळे त्यांना प्रॉपचे, म्हणजे वेषासोबत आणलेल्या वस्तूंचे नियम लागू झाले : लाकूड-धातूची हत्यारं नकोत, टोकदार काही नको, प्रवेशापाशी तपासणी. बाहुली या यादीत कुठेच बसत नाही. सुरक्षारक्षकाला स्कॅनरवर दिसतो तो पोकळ हातपायांचा मानवी आकार, मध्ये इलॅस्टिक अडकवायचे दोन-तीन धातूचे एस-हुक. म्हणून बाहुली बॅगेत सगळ्यात वर, चेहऱ्यावरचं आवरण चटकन निघेल अशी ठेवण्याचा प्रघात पडला. कपड्यांखाली दडवलेली बाहुली हमखास बाहेर काढायला लावतात, आणि बाहेर काढणारा हात तिला विगला धरून उचलतो. हौस असणाऱ्या माणसाच्या काळजाचं पाणी व्हायला तेवढं पुरतं.

६० सेंटिमीटरची बाहुली दीड ते दोन किलो भरते, उंच पुरुष-बाहुली अडीच-तीन किलोपर्यंत जाते. दिवसभर एका हातावर हे वजन आणि दुसऱ्या हातात लोकलचा दांडा! त्यातच कॉन शनिवार-रविवारी आणि मेगाब्लॉकही रविवारीच. डिसेंबर २०१६ मध्ये राम मंदिर स्थानक सुरू झाल्यावर गोरेगावच्या संकुलाकडे जाताना चालणं कमी झालं, गर्दी तेवढीच राहिली. विमानानं येणाऱ्यांचा हिशोब आणखी वेगळा. देशांतर्गत केबिन बॅगेचं नेहमीचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. तिच्या रुंद बाजूचा कर्ण ६५ सेंटिमीटर भरतो, म्हणजे कागदावर ६० ची बाहुली तिरकी मावते. दोन्हीकडून अडीच-तीन सेंटिमीटर फोम घातला की मावत नाही. मग दुहेरी सांध्याचे गुडघे पूर्ण दुमडून, पाय छातीशी घेऊन बसवतात. ४३ ची बाहुली सरळ मावते.

बांधणीचा क्रम आता बराचसा ठरून गेला आहे. विग काढून वेगळ्या पिशवीत. चेहऱ्यावर आधी मऊ सुती कापड, मग फोमचा मुखवटा. बबल-रॅप थेट चेहऱ्याला लावला तर उकाड्यात फुग्यांचे गोल ठसे रंगावर उमटू शकतात. हातांच्या पंजांना बाळाचे मोजे, कारण सगळ्यात आधी बोटंच तुटतात. पंजे काढून नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : हुक सुटला की इलॅस्टिक त्याला कोपरापर्यंत आत ओढून घेतं. सोडण्याआधी इलॅस्टिकच्या फासात पेन्सिल आडवी घालावी. आत गेलाच तर आर्टरी फोर्सेप्सशिवाय, म्हणजे डॉक्टरांच्या लांब चिमट्याशिवाय गत्यंतर नाही. जाड इलॅस्टिक घातलं की बाहुली चांगली उभी राहते हाही गैरसमज. ६० च्या गटाला ३ ते ४ मिलिमीटर, ४३ ला अडीच ते ३, लहानग्यांना दीड ते २ पुरतं. त्याहून जाड घातलं तर सांधे झटका देऊन फिरतात आणि कडांचे टवके उडतात. हॉलमधल्या गालिच्यावर तर कितीही नीट ओवलेली बाहुली आपल्या पायांवर टिकत नाही. खोगिरासारखा आधार असलेला स्टँडच हवा.

हवामानानं मुंबईत या छंदाचं पंचांगच बदललं. चेहऱ्याचं रंगकाम, म्हणजे फेसअप, पेस्टल आणि अॅक्रिलिकनं होतं आणि प्रत्येक थरावर मॅट स्प्रे मारावा लागतो. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर गेली की त्या स्प्रेवर पांढुरकं धुकं चढतं, आणि ते पुसून निघत नाही, सगळं धुऊन पहिल्यापासून करावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारच नको. डिसेंबरच्या कॉनसाठी रंगकाम नोव्हेंबरच्या कोरड्या दुपारी, खिडकी उघडी ठेवून, वाफा शोषणारी काडतुसं असलेला मास्क लावून. धुळीचा साधा मास्क इथे निरुपयोगी. एसी खोलीत आर्द्रता उतरते खरी, पण बंद खोलीत हा स्प्रे मारणं म्हणजे स्वतःच्या फुप्फुसांशी वैर. डबा ज्वालाग्राही असल्यानं विमानात नेता येत नाही, म्हणून बाहेरगावहून आलेल्याला कॉनच्या आदल्या रात्री चेहरा दुरुस्त करण्याची सोय नाही.

डोळे बसवायची पुटी उकाड्यात मऊ पडते आणि दुपारपर्यंत एक डोळा खाली घसरतो. कॉनमध्ये काढलेल्या निम्म्या फोटोंत बाहुल्या तिरळ्या दिसतात त्या यामुळेच. पुटी मटारएवढी, डोळ्याच्या पाठीमागे नाही तर कडेनं लावावी. गडद कपड्यांचा रंग रेझिनमध्ये उतरतो आणि दमट हवेत फार लवकर उतरतो. काळं मखमल आणि लाल रेशीम सगळ्यात वाईट. आत अंगाच्या रंगाचा पातळ स्टॉकिंग घालणं हा एकच खात्रीचा उपाय. आणि बाहुली बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत रेझिनचे पातळ भाग वाकतात, उन्हानं पिवळी पडायची ती वेगळीच.

कपड्यांत मात्र मुंबईनं स्वतःचं काही केलं आहे. भुलेश्वरला देवांसाठी मिळणारे मुकुट, हार आणि पोशाख ४३ आणि ६० च्या बाहुल्यांच्या मापाजवळ जातात. नऊवारीचा प्रयोग तर प्रत्येकीनं एकदा करून बघितलेला असतो. नऊ वार म्हणजे ८.२ मीटर. माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या, म्हणजे ६० च्या बाहुलीला हिशोबानं २.७ मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद पट्टी लागायला हवी. पण कापडाची जाडी काही तिसऱ्या हिश्श्यावर येत नाही. कासोटा मागे उशीसारखा फुगतो आणि बाहुली बसेनाशी होते. दीड मीटर मलमल, एक-सव्वा सेंटिमीटरचा काठ, निऱ्या आणि कासोटा आधीच टाचलेला, हे जमतं. खण मात्र दिसायला सुंदर असला तरी त्याची घडी या मापात मोडत नाही.

आता पैशांकडे, कारण पुढचा वाद तिथूनच येतो. बाहुली परदेशातून मागवावी लागते. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात-ड्यूटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, वर जीएसटी. परदेशी नातेवाइकानं ५,००० रुपयांपर्यंतची वस्तू भेट म्हणून पाठवली तर मिळणारी सूटही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. डोळे-विग त्या वाटेनं येत असत. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. बाहुल्या बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या कागदांवर ‘१५ वर्षांवरील’ असं छापतात. तरी पाकिटावर ‘डॉल’ असं लिहिलेलं दिसलं की तिचं खेळणं होतं. मोठ्या माणसाच्या संग्रहाची वस्तू हे वर्णन विक्रेत्याकडून बिलावर स्पष्ट लिहून घेण्याचा आग्रह तेव्हापासून वाढला.

किंमत अशी चढल्यावर रीकास्टचा मोह वाढणारच. मूळ बाहुलीचे भाग सुटे करून त्यांच्यावरून सिलिकॉनचे साचे काढायचे आणि त्यात नवं रेझिन ओतायचं, याला रीकास्ट म्हणतात. निम्म्याहून कमी किमतीत ती मिळते आणि मूळ घडवणाऱ्याला एक पैसाही जात नाही. मुंबईत याला सर्रास ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. फॅशन स्ट्रीटच्या भाषेत फर्स्ट कॉपी म्हणजे बऱ्यापैकी दर्जाची नक्कल : दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला बूट, वर नावाचा शिक्का. त्यात लपवण्यासारखं कुणाला फारसं वाटत नाही. रीकास्टमध्ये शिल्पच्या शिल्प उचललेलं असतं. पेणच्या मूर्तिकाराची गणपतीची मूर्ती विकत आणून तिच्यावरून कुणी रबरी साचा काढला, तर तो त्याला नक्कल म्हणणार नाही, चोरी म्हणेल. उलट, मूळ कंपनीनं तोच साचा पुन्हा वापरून काढलेल्या बाहुलीला री-रिलीज म्हणतात आणि ती पूर्ण अस्सल असते. हे तीन शब्द एकमेकांत मिसळल्यामुळे अस्सल बाहुली आणणाऱ्यांनाही खुलासे द्यावे लागले आहेत.

परदेशातल्या बाहुली-मेळ्यांनी रीकास्टला टेबलावर मनाई केली, विक्रीसाठीही आणि मांडण्यासाठीही. इथल्या बाहुलीवाल्यांच्या छोट्या भेटीगाठींनी तो नियम शब्दशः उचलला. नियम योग्यच आहे. बाहुली घडवणारे बरेचदा एकटेदुकटे शिल्पकार असतात आणि एका साच्यावर त्यांची वर्ष-दोन वर्षं गेलेली असतात. अडचण तपासणीची आहे. हेडकॅप, म्हणजे डोक्याचं झाकण, उघडून आतली कोरलेली खूण बघायची, ही सगळ्यांना ठाऊक असलेली पद्धत फोल आहे, कारण साच्यात अक्षरंही उतरतात. प्रमाणपत्राचा कागद छापता येतो, आणि दोन-तीन हातांतून फिरलेल्या अस्सल बाहुलीचा कागद हरवलेलाही असतो. रंग जुळवून बघावा तर रेझिन वयानं पिवळं पडतं. आकुंचनाचा पुरावा खरा, ओतीव रेझिन घट्ट होताना थोडं आक्रसतं म्हणून रीकास्ट मुळाहून किंचित लहान भरते, पण उंची मोजून तो सापडत नाही. ६० सेंटिमीटरवर एक टक्का म्हणजे ६ मिलिमीटर, आणि इलॅस्टिक सैल-घट्ट असण्यानंच तेवढा फरक पडतो. मोजायचं तर एकच अखंड भाग मोजावा, डोक्याचा घेर किंवा मांडीची लांबी, कॅलिपरनं, आणि शेजारी कंपनीनं दिलेलं माप हवं. कॉनच्या गर्दीत, दहा जण बघत असताना हे करणं म्हणजे चौकशी नव्हे, पंचनामा झाला.

त्यात हायब्रिड बाहुल्यांची भर. डोकं एका कंपनीचं आणि धड दुसऱ्या कंपनीचं, हे या छंदात पूर्वीपासून मान्य आहे. डोकं अस्सल आणि धड रीकास्ट असेल तर? कडक बाजू म्हणते, टेबलावर नको. दुसरी बाजू म्हणते, कपड्यांत झाकलेलं धड कुणाच्या नजरेला येतं? झाकलंय म्हणून चालतं, हा युक्तिवाद तकलादू आहे. पण कॉलेजातल्या मुलीनं तीन वर्षं साठवून अस्सल डोकं घेतलं आणि अस्सल धडाचे पैसे जमेपर्यंत रीकास्ट धड वापरलं, तर तिला चारचौघांत टेबलावरून उठवणंही पटत नाही. तोडगा म्हणून हळूहळू रुळत असलेली पद्धत बरी वाटते : नियम निमंत्रणातच लिहायचा, ज्यानं-त्यानं आधी कळवायचं, टेबलावर कुणाचीही हेडकॅप उघडायची नाही, आणि शंका असलीच तर ती नंतर खाजगीत विचारायची. विकण्यासाठी आणलेल्या बाहुलीला मात्र ही सवलत नाही. तिचं बिल विकणाऱ्यानं सोबत आणायचं आणि घेणाऱ्यानं मागितल्यावर दाखवायचं.