संगणकावरून टीव्हीवर: कोसाइनची करामत

लग्नाचा व्हिडिओ संगणकात आहे, बैठकीच्या खोलीत मोठा टीव्ही आहे आणि दोन्ही एकाच वायफायवर आहेत. व्हिडिओ टीव्हीवर लावला आणि मंगलाष्टकांच्या मध्येच चित्र थांबून पांढरं चक्र फिरू लागलं, की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "नेट स्लो आहे, प्लॅन वाढवून घ्या." मग प्लॅन वाढतो, बिल वाढतं आणि व्हिडिओ पूर्वीसारखाच अडखळत राहतो. असे पैसे वाया घालवलेली बरीच घरं पाहिली, म्हणून हे लिहायला घेतलं.

या प्रवासात बाहेरच्या इंटरनेटचा काहीही संबंध नाही. फाइल संगणकातून राउटरकडे जाते आणि राउटर ती टीव्हीकडे पाठवतो. एक बिटही (बिट म्हणजे माहितीचा सर्वांत लहान तुकडा, शून्य किंवा एक) घराचा उंबरठा ओलांडत नाही. एखाद्या दिवशी बाहेरचं नेट बंद असेल तेव्हा संगणकातली फाइल टीव्हीवर लावून पाहा, ती चालते. मोबाइलवरून यूट्यूबचा व्हिडिओ टीव्हीवर 'कास्ट' केला तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून व्हिडिओ ओढतो आणि मोबाइलकडे फक्त रिमोटचं काम उरतं. हे दोन प्रकार लोक एकच समजतात आणि तिथेच गोंधळ होतो.

आता आकडे बघू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांचे मिळून २४ बिट. सेकंदाला २५ चित्रं धरली तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. तासाभराचा व्हिडिओ असा कच्चा साठवला तर ५६० जीबी लागतील. प्रत्यक्षात त्याच तासाभराची बऱ्यापैकी दर्जाची फाइल तीन-चार जीबीत मावते. म्हणजे दीडशे भागांतला एक भाग ठेवला आणि बाकीचे टाकून दिले, तरी नवरीच्या शालूचं जरीकाम आपल्याला दिसतं! मला या विषयातलं सर्वांत मोठं आश्चर्य हेच वाटतं.

कपातीचे पहिले दोन टप्पे समजायला सोपे आहेत. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चांगला कळतो, रंगातला तितकासा कळत नाही. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच. इथेच निम्मा भार उतरतो. दुसरं म्हणजे, लागोपाठच्या चित्रांत फारसा बदल नसतो. मागचा मांडव जागच्या जागी असतो, हलतो तो फक्त नवरदेवाचा हात. मग चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि पूर्ण चित्र पुन्हा पाठवण्याऐवजी 'हा चौकोन मागच्या चित्रातून उचला, तीन ठिपके उजवीकडे सरकवा' एवढीच सूचना पाठवायची. पूर्ण चित्र अधूनमधूनच जातं.

तिसरा टप्पा कोसाइनचा. त्याला थोडा वेळ देऊ.

तंबोऱ्याची एक तार छेडली तरी कानावर येणारा नाद अनेक कंपनांचा मिळून बनलेला असतो. कोणतं कंपन किती प्रमाणात आहे हे सांगितलं की त्या नादाचं वर्णन झालं. चित्रातल्या ठिपक्यांच्या ओळीचंही असंच करता येतं. आठ ठिपक्यांची एक ओळ घेऊ, ज्यात उजेड हळूहळू वाढत जातो: १००, १०२, १०४, १०६, १०८, ११०, ११२, ११४. या आठ आकड्यांची फोड आठ कोसाइन लाटांत करायची. पहिली लाट सपाट, ती ओळीची सरासरी सांगते (तिचा आकडा सरासरीच्या सुमारे २.८ पट येतो). दुसरीत अर्धं आवर्तन, आणि पुढच्या प्रत्येक लाटेत अर्धं आवर्तन जास्त. प्रत्येक लाटेचं प्रमाण काढलं तर आकडे येतात: ३०२.६, −१२.९, ०, −१.३, ०, −०.४, ०, −०.१.

इथवर काहीच टाकलेलं नाही. आठ आकडे होते, आठच आहेत. पण जवळजवळ सगळं वजन पहिल्या दोघांत गोळा झालं आहे. आता प्रत्येक आकड्याला दहाने भागून पूर्णांकात आणा: ३०, −१ आणि पुढे सगळी शून्यं. 'तीस, उणे एक, आणि इथून पुढे शून्यच' एवढंच साठवायचं. टीव्हीने उलट वाटेने जायचं, म्हणजे दहाने गुणायचं आणि लाटांची बेरीज करायची. मिळतात १०१, १०२, १०३, १०५, १०७, १०९, ११०, १११. ठिपक्याचा उजेड शून्य ते २५५ च्या पट्टीवर मोजतात, त्यात सर्वांत मोठी चूक तीनची. आठ आकड्यांचं काम दोघांत भागलं आणि डोळ्याला सहसा पत्ताही लागत नाही. प्रत्यक्षात हे आडवं-उभं दोन्ही दिशांनी चालतं आणि बारीक लाटांना मोठ्या आकड्याने भागतात, कारण तिथे डोळा कमजोर असतो. भाजक वाढवला की फाइल लहान होते आणि चित्र धुरकट. व्हिडिओचा 'दर्जा' कमी-जास्त करतो तेव्हा मुख्यतः हा भाजकच बदलतो.

पण मग कोसाइनच का? लाटांत फोड करण्याची फूरिए या फ्रेंच गणितज्ञाची नेहमीची पद्धत ओळ संपली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते असं धरते. आपल्या ओळीत ११४ वरून एकदम १०० वर उडी पडेल आणि ती उडी दाखवायला बारीक लाटांची फौज लागेल. कोसाइनची पद्धत ओळीच्या टोकाशी आरसा धरते. ११४ नंतर पुन्हा ११४, मग ११२, ११०. उडीच नाही, म्हणून बारीक लाटांची गरजही जवळजवळ नाही. सगळी बचत त्या आरशात आहे.

ही कल्पना बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांची. अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत असताना त्यांनी १९७२ साली तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कामासाठी निधी मागितला. तो मिळाला नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये त्यांनी जेमतेम चार पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज जेपीईजी फोटो, डिश टीव्हीचे एमपेग-२ चॅनेल, एच.२६४ या पद्धतीने आवळलेले व्हिडिओ, अगदी एमपी३ गाणीसुद्धा याच गणिताच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर उभी आहेत. शाळेत त्रिकोणमिती शिकवताना अहमद यांचं नाव एकदा तरी उच्चारलं जावं असं मला मनापासून वाटतं.

हे चौकोन उघड्या डोळ्यांनी पाहायचे असतील तर जुलैतल्या मुसळधार पावसात डिशवरचं चॅनेल लावा. पावसाचे थेंब उपग्रहाच्या लहरी शोषतात, काही माहिती पोचत नाही आणि निवेदिकेचा गाल ठोकळ्यांत फुटतो. 'मागच्या चित्रातून उचला' ही सूचना आली, पण मागचं चित्रच बिघडलेलं. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत ठोकळे तसेच राहतात.

आता मुद्द्याकडे येऊ. घरात फाइल अडखळते ती बहुधा दोन कारणांनी. पहिलं कारण हवा. संगणक आणि टीव्ही दोन्ही वायफायवर असतील तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, आधी संगणकाकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून टीव्हीकडे. वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं, म्हणून वेग तिथेच निम्मा होतो. त्यात वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत वर, खाली, शेजारी सगळ्यांचे राउटर त्या तिघांतच दाटीवाटीने बसलेले असतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. संगणक साध्या लॅन केबलने राउटरला जोडला तरी हवेतली एक फेरी वाचते. एचडीएमआयच्या महाग सोनेरी केबलने यात काही फरक पडत नाही.

राउटरचा विषय निघाला की 'रेडिएशन' येतंच. २०२० साली राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाइलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप जाहीर केली, तेव्हा देशातल्या शेकडो वैज्ञानिकांनी पुरावा मागितला. २०२१ च्या डिसेंबरात नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने '५जी-पासून संरक्षण' देणारी लॉकेटं तपासली, तर ती स्वतःच किरणोत्सारी निघाली! वायफायच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरींच्या ऊर्जेच्या एका कणाची, ऊर्जा रेणूमधला इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहा लाखांश असते. असली स्टिकर आणि लॉकेटं विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

दुसरं कारण संगणकाची दमछाक. कोणता चौकोन किती सरकला हे शोधणं फार कष्टाचं काम आहे. फाइल बनवणाऱ्याला शेकडो जागा तपासाव्या लागतात, टीव्हीला मात्र नुसती सूचना पाळायची असते. जेलीफिन किंवा प्लेक्ससारखं सॉफ्टवेअर संगणकातली फाइल टीव्हीला जशीच्या तशी देतं, तेव्हा संगणकाला काहीच श्रम पडत नाहीत. पण फाइल एच.२६५ या नव्या पद्धतीत आवळलेली असेल आणि जुना टीव्ही एच.२६४ पर्यंतच शिकलेला असेल, तर संगणकाला सगळं चित्र उलगडून, चौकोनांचा शोध नव्याने घेऊन पुन्हा आवळावं लागतं, आणि तेही व्हिडिओ चालू असतानाच. जुना लॅपटॉप इथे धापा टाकतो, पंखा घरघरतो आणि टीव्हीवर चक्र फिरतं. संगणकाचा अख्खा पडदा टीव्हीवर दाखवतानाही हेच होतं, कारण तिथे प्रत्येक चित्र ताजं आवळावं लागतं.

सबटायटलही कधीकधी हेच संकट आणतात. काही टीव्हींना देवनागरी जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअरला ती अक्षरं चित्रातच छापायला सांगितली की संपूर्ण व्हिडिओ पुन्हा आवळणं आलं. तेव्हा आधी सबटायटल बंद करून पाहा. चित्र सुरळीत चाललं तर दोष हवेचा नव्हे. मग हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती फाइल रात्रभरात एकदाच एच.२६४ मध्ये बदलून ठेवा, अक्षरं हवी असतील तर त्यातच छापून. सकाळी तीच फाइल जुन्या लॅपटॉपवरूनही न अडखळता टीव्हीवर चालते.