गाडीला बाहेरून टर्बो बसवायचाय? आधी आरसी काढून बघा

‘टर्बो बसवतोय, आरटीओत फॉर्म कुठला भरू?’ असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो: साध्या पेट्रोल गाडीला बाहेरून टर्बो किंवा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारी यंत्रं) बसवून तो आरसीवर चढवून घ्यायची सोय आपल्याकडे नाही. ‘एजंट करून देतो’ म्हणाला, तर पैसे देण्याआधी नेमकी कुठली मंजुरी आणणार ते लेखी मागा.

अडचण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीवरच्या नोंदी जुळणार नाहीत, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. यावर हमखास येणारा युक्तिवाद म्हणजे, ‘सीसी कुठे वाढते?’ बरोबर, सिलिंडर तेवढेच राहतात, त्यात हवा दाबून भरली जाते. पण ताकद वाढते, इंधनाचं गणित बदलतं आणि धूरही. पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेत तपासणी होऊन पास झालेलं मॉडेल ते हे नव्हेच. पीयूसी निघाली म्हणजे बदल कायदेशीर झाला, असंही नाही.

पकडलं गेलं तर कलम १८२अ: प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मला जास्त धास्ती विम्याची वाटते. अपघातानंतर सर्व्हेअरने बॉनेट उघडलं की न कळवलेला टर्बो लपत नाही, आणि क्लेम तिथेच अडकतो.

मग परवानगी कशाला मिळते? मुळातच टर्बो असलेल्या गाडीचा टर्बो गेला, तर त्याच पार्ट नंबरचा नवीन बसवा. आरसीवर काहीच बदलत नाही, त्यामुळे अर्जही नाही. बिल मात्र जपून ठेवा.

अख्खं इंजिन बदलायचं असेल तर ते त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं हवं, आणि मंजुरी आधी घ्यायची. आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि नव्या इंजिनाचं जीएसटी बिल जवळ ठेवा. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती लागते, आणि बहुतेकांची गाडी इथेच रुतते. मोटार वाहन निरीक्षक इंजिन आणि चासी नंबर प्रत्यक्ष पडताळतात. जुन्या बाजारातून उचललेल्या, बिल नसलेल्या इंजिनाच्या भानगडीत पडू नका; ते चोरीच्या गाडीचं निघालं तर आरटीओ राहिलं बाजूला, पोलिस स्टेशन गाठावं लागेल.

सीएनजी किटला कायद्यातच वाट करून दिली आहे: तुमच्या मॉडेलसाठी मंजूर झालेलं किट, अधिकृत फिटर, त्याचं प्रमाणपत्र, सिलिंडरचे कागद, मग आरसीवर इंधनाची नोंद. टर्बो किटसाठी अशी वाट नाही.

हौस भागवायचीच असेल तर ती गाडी ट्रॅकपुरती ठेवा. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटार स्पर्धांची नियामक संस्था) लायसन्स काढा आणि गाडी कोइंबतूरच्या करी ट्रॅकपर्यंत ट्रकवर चढवून न्या. आणि हो, खर्च धरताना फक्त टर्बोचा धरू नका. टर्बो नसलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, मुळातच जास्त असतं. वरून दाबाची हवा दिली की नॉकिंग होऊन, म्हणजे इंधन अवेळी भडकून, पिस्टन फुटू शकतो. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), मोठे इंजेक्टर, ईसीयू म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं ट्यूनिंग, क्लच धरून आकडा काढा आणि त्याच पैशात कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली सेकंडहँड गाडी मिळते का बघा. तिला लागतो फक्त नावावर करायचा अर्ज.