शिवीला ५०० रुपये दंड : पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेने ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी दिली, तर ५०० रुपये दंड. मोठ्या माणसांच्या रोजच्या बोलण्यात शिवी चालावी का, हा वाद त्यामुळे पुन्हा निघाला. आपल्या मुलखात तो फार जुना आहे.

शिलाहार राजांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे दानाची आज्ञा कोरलेले दगड, बघा. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली शिवी म्हणून कोरलेलं गाढव व स्त्रीचं चित्र. परळला सापडलेल्या, शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातल्या १२ व्या शतकातल्या शिलालेखात दान मोडणाऱ्याच्या आईवरून शिवी कोरलेली आहे, तीही मराठीत. म्हणजे राजाच्या आज्ञेला धाक होता तो शिवीचा, आणि गुन्हा कुणाचाही असो, भोगायचं आईनेच.

लोकांनी शिवीला दिवसही नेमून दिले होते. शिमग्याची बोंब सगळ्यांना ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ‘बोरीचा बार’ भरतो. बोरी आणि सुखेडच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. एरवी ज्यांनी तोंड उघडलं तर घरात गहजब होतो, त्या बायकांना हा मान आहे. मला ही प्रथा फार मोलाची वाटते.

१९ व्या शतकात शिकलेल्या वर्गाला शिमगा बीभत्स वाटू लागला आणि शिव्या ‘खालच्या’ लोकांची भाषा ठरल्या. पाटलाने बलुतेदाराला घातलेली शिवी मात्र कुणी असभ्यपणात मोजली नाही. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांच्या कवितेने ही झाकलेली भाषा छापून मध्यमवर्गासमोर ठेवली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. पुढे १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यामुळे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवरून हिणवणं हा गुन्हा झाला. शिवीच्या इतिहासातलं सर्वांत न्यायाचं पाऊल मी यालाच म्हणेन.

बाकी शिव्यांबाबत कायदा सैल आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं २९४ वं कलम आता भारतीय न्याय संहितेत २९६ वं झालं आहे: सार्वजनिक जागी अश्लील बोलून इतरांना त्रास दिला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण नुसती शिवी म्हणजे अश्लीलता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका वेबसीरिजच्या खटल्यात स्पष्ट केलं. टपरीवर मित्राला हासडलेल्या शिवीसाठी सहसा कुणी पोलिसात जात नाही, आणि जाऊही नये. सौंदाळ्याचा आक्षेप वेगळा आहे: भांडण दोन पुरुषांचं, मग तिथे नसलेल्या आई-बहिणीला मध्ये का ओढायचं? परळच्या शिलालेखालाही हाच प्रश्न विचारता येतो.