तातडीची गर्भनिरोधक गोळी नेमके काय थांबवते?

गर्भनिरोधके मिळवण्याचा व वापरण्याचा हक्क कायद्याने सुरक्षित करू पाहणारे विधेयक ५ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये अडले. पुढे सरकण्यासाठी ६० मते हवी होती, पडली ५१. या विधेयकाची गरज भासली ती २०२२ मध्ये. गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला जोडलेल्या स्वतंत्र मतात न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी, विवाहित जोडप्यांचा गर्भनिरोधके वापरण्याचा हक्क मान्य करणाऱ्या १९६५ च्या ग्रिस्वोल्ड निकालाचाही फेरविचार व्हावा, असे लिहिले होते.

असुरक्षित शरीरसंबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी फलित बीजाला गर्भाशयात रुजू देत नाही, म्हणजे ती गर्भपातच, हा समज या वादात सतत डोके वर काढतो. कर्मचाऱ्यांच्या विम्यातून अशी गोळी द्यायला धार्मिक कारणाने नकार देणाऱ्या हॉबी लॉबी या कंपनीच्या २०१४ च्या खटल्यात तो न्यायालयापर्यंत पोहोचला आणि मालकांची श्रद्धा प्रामाणिक आहे एवढ्यावर टिकला. तिच्यामागचे शरीरशास्त्र तपासले गेलेच नाही. म्हणून ते इथे सविस्तर पाहू.

पाळीच्या पूर्वार्धात स्त्रीबीजकोशातील एक पुटिका वाढते आणि इस्ट्रोजेन स्रवू लागते. एरवी हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला आवर घालते. मात्र त्याची पातळी पुरेशी वाढून सुमारे दोन दिवस टिकली, की तेच तिला चेतवते आणि एलएच नावाच्या संप्रेरकाची मोठी लाट उसळते. लाट सुरू झाल्यावर साधारण ३६ तासांनी पुटिका फुटते व स्त्रीबीज बाहेर पडते. ते जेमतेम एक दिवस जगते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे संबंध आणि फलन यांच्यामध्ये कित्येकदा काही दिवसांचे अंतर असते, आणि गोळीचे काम त्या अंतरातच होते. तिच्यातील १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखे वागणारे कृत्रिम संप्रेरक एलएचची लाट रोखते किंवा लांबवते. गरोदरपणी नवे स्त्रीबीज सुटू नये म्हणून शरीर स्वतःही प्रोजेस्टेरॉनच वापरते, हे मला फार सुंदर वाटते.

लाट उसळल्यानंतर घेतलेली गोळी मात्र फारशी उपयोगी पडत नाही. स्त्रीबीज सुटून गेल्यावर ज्या स्त्रियांनी ती घेतली, त्यांच्यात गोळीविना जितक्या गर्भधारणा अपेक्षित होत्या, जवळपास तितक्याच झाल्याचे अभ्यासांत दिसले. गोळी फलित बीजाला रुजू देत नसती, तर तिचा गुण इथेही दिसायला हवा होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही डिसेंबर २०२२ मध्ये, गोळी रुजण्यात अडथळा आणू शकते हा उल्लेख तिच्या माहितीपत्रकातून काढायला मंजुरी दिली.

म्हणूनच इथे तासांना किंमत आहे. ७२ तासांची मुदत छापलेली असली, तरी लाट कधी उसळेल हे कोणालाच आधी ठाऊक नसते. अमेरिकेत ही गोळी चिठ्ठीविना मिळते, भारतातही २००५ पासून मिळते; पण अमेरिकेतल्या काही राज्यांत औषधविक्रेत्याला सदसद्विवेकाच्या नावाखाली गर्भनिरोधक नाकारण्याची मुभा आहे, आणि दुसरे दुकान शोधण्यात एखादीचा जो दिवस जातो, त्याच दिवशी तिची लाट सुरू होऊ शकते.